जिथे गहू पिकत नाही

लोक कोकणात समुद्रासाठी जातात, माशांसाठी जातात, गेलाबाजार कुलदैवतासाठी तरी जातात. आम्ही गेलो ते तिथे गहू पिकत नाही म्हणून.

हसू नका. आमचा ईशान सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, आणि दिवाळीपासून त्याचं पथ्य चालू आहे. गहू बंद, दूध बंद. म्हणजे पोळी, पाव, बिस्किटं, शिरा, दही, ताक, सगळ्याला काट. पुण्यातल्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी हे सुचवलं. इंटरनेटवरच्या पालकांच्या ग्रुपमधल्या निम्म्या आया म्हणाल्या, आमचं मूल यानेच शांत झालं; उरलेल्या निम्म्या म्हणाल्या, आमच्याकडे काडीचा फरक पडला नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, "करून बघा, पण वजन सांभाळा." आणि नेमकं वजनच सांभाळलं जात नव्हतं. ईशान मुळात मोजकं खाणारा, त्यातून निम्मं मी काढून घेतलेलं. जानेवारीत एका केळ्यावर काळा डाग निघाला आणि केळी कायमची गेली. उरलं काय, तर पांढरा भात, मुरमुरे आणि मी तळलेली तांदळाची कडबोळी. तीही गोलच हवीत. तुटलं की त्याचं "संपलं." बोलायला त्याला फारसं येत नाही, पण ताट समोर आल्याबरोबर, एकही घास न घेता, "संपलं" मात्र अगदी स्पष्ट येतं.

माझा नवरा शिरीष पथ्याच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. त्याचं सगळ्यावर एकच उत्तर, "बघू." त्याचा कॉलेजातला रूममेट युसूफ कुवेतहून रजेवर आला होता आणि गुहागर तालुक्यातल्या आपल्या गावी या म्हणून मागे लागला होता. मी विचार केला, भात आणि नारळ! सगळा मुलूखच आपल्या पथ्यात बसणारा. निदान चार दिवस मला कोणाच्या हातातलं बिस्कीट हिसकावून घ्यावं लागणार नाही.

पहाटे निघालो. उंब्रजला हायवे सोडला, पाटण आणि कोयनानगर मागे टाकलं आणि कुंभार्ली घाट उतरलो. घाटात खड्डे आहेत, सावकाश जा. मुलांना आदल्या रात्री हलकं खायला द्या, असंही लिहिणार होते. पण आमच्याकडे जड काही खाल्लं जातच नाही. ईशानने घाटभर कान दाबून किंचाळून घेतलं आणि चिपळूण आल्यावर एकदम गप्प झाला. दुपार कलताना वेळणेश्वरला पोचलो. देवळाच्या मागेच समुद्र, नारळाच्या बागेत दोन खोल्या, भाडं तीनशे, आंघोळीला चुलीवरचं गरम पाणी. घरमालकीण सुनंदावहिनी हसतमुख बाई. मी आल्या आल्या त्यांना सांगून टाकलं, "आम्हाला फक्त तुमचं रोजचं जेवण हवंय."

संध्याकाळी पानं वाढली. घडीच्या पोळ्या, तुपाने थबथबलेल्या. वाटीत शेवयांची खीर.

मी पोळीकडे बघत राहिले. "वहिनी, भाकरी नाही का केलीत?"

"भाकरी? ती आमची आमाला," त्या म्हणाल्या. "तुमी पुण्याची मानसं. पाहुण्याच्या पानात काय भाकरी वाढायची? लोक काय म्हणतील!"

गहू विकत आणून, लांबच्या गिरणीतून दळून, खास आमच्यासाठी पोळ्या केल्या होत्या. तिकडे पोळी म्हणजे मान. आतल्या ओटीवर त्यांची माणसं गरमागरम तांदळाची भाकरी खात बसली होती आणि आम्ही गव्हाचा मान चिवडत बसलो होतो. मला हसावं की रडावं कळेना.

पण खरी फजिती भाताची झाली. घरून तांदूळ मी आणलेच नव्हते. तांदळाच्या गावाला तांदूळ कशाला न्यायचे? वहिनींचा भात उकड्या तांदळाचा, जाडा, लालसर, त्याला स्वतःचा एक वास. ईशानने पान नाकाजवळ नेलं, परत ठेवलं. "संपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष गुहागरच्या बाजारातून आमचा घरचा कोलम तांदूळ घेऊन आला. वहिनींच्या चुलीवर मी स्वतः भात रांधला. पाणी वेगळं, पातेलं वेगळं, की धूर लागला, देव जाणे. "संपलं." डब्यातल्या कडबोळ्यांचा घाटातच चुरा झाला होता, म्हणजे तीही बाद. राहिले मुरमुरे, आणि पिशवी हातात हलकी लागत होती. तुमच्याकडे असं मूल असेल तर एवढं ऐका, जगात कुठेही जा, पण तांदूळ आणि पातेलं घरून न्या. मागे एकदा याने असंच सगळं सोडलं होतं तेव्हा सलाईन लावायची पाळी आली होती. मला आता समुद्र दिसेना, नुसता त्याचा बारीक दंड दिसायला लागला.

तरी ठरल्याप्रमाणे हेदवीला गेलो. दशभुजा गणपतीचं देऊळ टेकडीवर आहे, स्वच्छ आणि शांत. गुरुजी प्रसादाला हात पुढे करतात म्हटल्यावर माझा हात सवयीने आधी पुढे गेला, पेढा असला तर अडवायला. हातावर खडीसाखर पडली. बाप्पाला पथ्य कळतं, असं शिरीष म्हणाला. ईशानने ती खाल्ली नाहीच, पण उन्हात धरून बराच वेळ फिरवली. मग किनाऱ्यावर बामणघळ पाहिली. कातळात एक चिंचोळी भेग आहे, भरतीला लाट आत शिरते आणि पाणी उंच उडतं. भरतीची वेळ गावात विचारूनच जा, ओहोटीला तिथे काहीच नसतं. ईशान प्रत्येक लाटेला टाळ्या वाजवत होता. उपाशी पोर एवढं खूश कसं राहतं? की त्याला भूक कळतच नाही? मी पुस्तकं वाचली, ग्रुपवर विचारलं, पण याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

दुपारी युसूफकडे. त्याचं गाव खाडीच्या काठावर, लाल चिऱ्याची घरं, आखाती पैशातून वर चढवलेले नवे मजले, दारात वाळत घातलेली जाळी. शिरीषने आदल्या दिवशीच एसटीडीवरून फोन करून बजावलं होतं, पोराला गहू चालत नाही, तांदळाची भाकरीच करा. दूध मात्र सांगायचं राहिलं. भाकरीत दूध कुठून येणार, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं.

पुरुष बाहेर बसले. मला आणि ईशानला युसूफच्या अम्मीने आत नेलं. अम्मी म्हणजे सत्तरीची ठेंगणी बाई, डोक्यावरची ओढणी सारखी सावरणारी. जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरला आणि त्यांच्या सुनेने, नसीमने, मधोमध एकच मोठं ताट आणून ठेवलं. त्यात भात, माशाचं कालवण, एका बाजूला भाकऱ्यांचे मोठे तुकडे. त्यांच्याकडे एका ताटात जेवतात हे मला ऐकून माहीत होतं. पण ईशान? तो स्वतःच्या ताटाला दुसऱ्याचं बोट लागलं तरी ताट ढकलतो.

"त्याला वेगळी बशी मिळेल का?" मी विचारलं.

"कशाला गो? बसव त्याला बाजूला. आपल्या बाजूचा खाईल, नायतर नाय खानार."

मी त्याला डावीकडे बसवलं आणि माझं नेहमीचं सुरू केलं. भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्या तोंडाशी नेला. "ईशू, आ कर. एकच. बघ, पांढरी आहे." त्याने मान फिरवली.

अम्मीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "सोड. एका ताटात बसल्यावर दुसऱ्याच्या घासाकडं बघू नये. तू जेव."

त्या आणि नसीम खरोखरच बघत नव्हत्या. आपापल्या पुढ्यातलं खात, युसूफच्या विमानाचं, फणसाचं, कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. गेली किती वर्षं आमच्या घरी प्रत्येक जेवणाला चार डोळे त्या पोराच्या तोंडाकडे लागलेले असतात. मी खाली मान घातली आणि जेवायला लागले. चव काही कळत नव्हती. सगळं लक्ष डाव्या खांद्याकडे.

आणि मग एक बारीक हात ताटात आला. भाकरीचा तुकडा उचलला, वास घेतला. मी भाताकडेच बघत बसले. हात पुन्हा आला. आणखी एकदा आला. तुकडे वेडेवाकडे होते, गोल नव्हते. "संपलं" काही ऐकू आलं नाही.

वर्षभरात त्याने खाल्लेला हा पहिला नवा पदार्थ. माझे डोळे भरून आले, तेवढ्यात अम्मी खुशीत म्हणाल्या, "नरम झालीय ना? दुधात उकडलाय पीठ. फोन आला, नुसती तांदलाची भाकर करा. आता पहिल्यांदा घरी येनाऱ्या पोराला पान्यातली भाकर कशी घालू? घरच्या म्हशीचा दूध हाय."

पुन्हा तेच! पाहुण्याचा मान. पोळीतून निसटलो ते भाकरीत सापडलो. आहारतज्ज्ञ बाई सांगायच्या, एक कणसुद्धा नको, सगळी मेहनत पाण्यात जाते. माझा हात त्याचा हात धरायला उचलला गेला होता. ताटात एक तुकडा उरला होता आणि त्याची बोटं त्यावर होती. मी काय करायला हवं होतं? तुम्ही काय केलं असतं? मी हात खाली घेतला, कालवणाकडे वळवला आणि म्हटलं, "हो अम्मी, फार नरम झालीय." खरं सांगायचा धीर झाला नाही. भीती कसली वाटत होती तेही सांगता येत नाही. त्याने खाल्ल्याची की खाणं थांबेल याची?

निघताना अम्मींनी भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. शिरीषला गाडीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू." त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मग आम्ही बघतच बसलो. रात्री ईशान गाढ झोपला, म्हणजे दूध मानवलं? पहाटे उठून गरगर फिरत हसत सुटला, म्हणजे नाही मानवलं? पण समुद्राच्या हवेने मी स्वतःही लवकर उठले होते. फडक्यातल्या भाकऱ्या त्याच्या बशीत ठेवल्या तर "संपलं." परतताना घाटात तो ओरडला आणि उलटी झाली. घाटात तर निम्मी एसटी उलटी करते! पुण्याला येऊन बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पथ्य मोडलं, आता नव्याने सुरुवात करावी लागेल. ग्रुपवर लिहिलं, तर निम्म्या आयांनी मला धारेवर धरलं आणि निम्म्यांनी अभिनंदन केलं. डॉक्टरांनी वजन करायला सांगितलंय. पथ्य पुढे चालवायचं का, हे अजून ठरलेलं नाही. हे वाचून कोणी काही ठरवू नका, आपापल्या डॉक्टरांना विचारा.

खर्चाचं म्हणाल तर पेट्रोल सोडता ही सहल अगदी स्वस्तात होते. मार्चपर्यंत जाऊन या, पुढे घामाने जीव जातो.

परवा मी उकड काढून तांदळाची भाकरी केली. पाण्यातलीच. पहिल्या दिवशी त्याच्या ताटात वाढली, त्याने ढकलून दिली. काल संध्याकाळी स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोठी परात ठेवली, त्यात भात, आमटी आणि भाकरीचे तुकडे. तिघं भोवती बसलो. शिरीषला दम भरला होता, त्याच्याकडे बघायचं नाही. आम्ही ऑफिसचं, शेजाऱ्यांच्या पार्किंगचं, काहीबाही बोलत राहिलो. ईशानच्या पुढ्यातले तुकडे तसेच पडून होते. म्हणजे दुधाचीच चव होती तर, असं मनाशी म्हणत मी माझ्या पुढ्यातला तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

उचलणार इतक्यात शेजारून एक हात आला आणि माझ्या बोटांतून तो घास काढून घेऊन गेला. मी मान वर केली नाही. दुसरा घास मोडला, आमटीत बुडवला आणि बोटांत तसाच धरून बसले.