मिलच्या जमिनीवरची चाकं

मी तापट आहे. आमगावच्या आमच्या कॉलेजात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. रोबोच्या स्पर्धेत उतरायचं ठरलं आणि अकरावीच्या मुलांनी पहिला वाद घातला तो रोबोच्या रंगावरून, तेव्हा मी टेबलावर डस्टर आपटलं. अरे, आधी तो चालतो का बघा! चेंडू उचलायचा त्याचा हात कितीही छान बनवा, रोबो जागेवरून हलला नाही तर सगळं मुसळ केरात.

रोबोचा चालता भाग, म्हणजे मोटरी, साखळ्या, चाकं, याला मुलं ‘ड्राइव्ह’ म्हणत. तो कोणी करायचा म्हटल्यावर सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मी करतो जी.” शेतकऱ्याच्या घरची, घरी पोवारी बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. मी हो म्हटलं खरं, पण मनातून जरा धास्तावलेच होते.

सरावाला जागा तिनेच मिळवली. तिच्या काकांची जुनी राईस मिल बंद पडली होती, तिचा मोठा हॉल रिकामा होता. वर्षानुवर्षं कोंडा पडून पडून तिथली फरशी तेलकट, आरशासारखी झाली होती. मुलगी जमिनीवर खडूने चाकांची मापं काढायला बसली, तर खडू उमटेचना. नुसता घसरायचा. शेवटी तिने पोत्यांच्या गोणपाटावर कोळशाने आकृती काढली. त्या घसरत्या खडूने आम्हाला जे सांगायचं ते तेव्हाच सांगितलं होतं. ऐकायला कान कोणाला होते?

तिची योजना सरळ होती. चार रबरी चाकं, चारही मोटरीवर, दोन्ही बाजूंना साखळी. वळायचं असलं की एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे. चालवायला गोंदियाहून येणारा एक मुलगा होता. त्याने रिमोट हातात घेतला आणि रोबो मिलभर असा गरागरा फिरला की पोरगा ओरडलाच, “मॅडम, मक्खन! एकदम मक्खन!” मुलगी हसली. ती हसू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

स्पर्धा नागपूरला. आमची गाडी उशिरा पोचली आणि सरावाची वेळ हुकली. थेट पहिला सामना. मैदानावर खरखरीत जाजम अंथरलं होतं. रोबो सरळ धावला, चेंडू उचलला, सगळं झकास. मग वळायची वेळ आली आणि तो अडेल बैलासारखा जागीच थांबला. मोटरी घुमल्या, रोबोने दोन उड्या मारल्या, जळका वास आला. एवढंच. गोंदियाचा मुलगा बटणं दाबत राहिला. “घूम क्यूं नहीं रहा बे!” समोरच्या संघाने तोवर चेंडूंचा ढीग लावला.

आमच्या टेबलापाशी आलो. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. एक जण म्हणालाच, “ड्राइव्ह त इचाच होता.” तिने पाना टेबलावर ठेवला. “मी नाही करत जी आता. दुसऱ्याले द्या.”

मला रोबोचं काही वाटलं नाही, खरं सांगते. मला भीती वाटली ती तिच्या आवाजाची. आमच्याकडच्या मुली अशा एकदा गप्प झाल्या की बारावीनंतर गप्प घरीच बसतात. ही आत्ता उठून गेली तर पुन्हा कधी पान्याला हात लावणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. पाना उचलून स्वतःच काहीतरी ठोकावं असं वाटलं. पण काय ठोकायचं हे मला तरी कुठे माहीत होतं! मग मी माझ्या स्वभावाला शोभेल असंच केलं. त्या बोलणाऱ्या पोराला झापलं, पाणी आणायला पिटाळलं, आणि तिला म्हटलं, “जायचं तर जा. पण आधी मला सांग, मिलमध्ये वळत होता, इथं काऊन नाही?”

तिने चाकावरून बोट फिरवलं. मग तेच बोट मैदानाच्या कडेला जाऊन जाजमावर घासलं.

“मॅडम, तिथं तो वळून नव्हता राहिला. घसरून राहिला होता. इथं जाजम चाकाईले आडवं घसरूच देत नाही.”

“मग?”

“बाबा ट्रॅक्टर धानाच्या बांधीत, चिखलात उतरवते त लोखंडी चाकं लावते. सडकीवर आनते त काढून ठेवते. आपण बांधीची चाकं घेऊन सडकीवर आलो जी.”

बोलता बोलताच ती उठली. खोके बांधायला आणलेली चिकटपट्टी घेतली आणि मागच्या दोन चाकांवर गुळगुळीत बाजू वर ठेवून गच्च गुंडाळली. पुढच्या चाकांनी धरायचं, मागच्यांनी घसरायचं. मिलची जमीन तिने मागच्या चाकांवरच चढवली.

पुढच्या सामन्यात रोबो वळला. मक्खन वगैरे नाही, कुरकुरत वळला, पण वळला. आणि ही वर्गात न बोलणारी मुलगी कठड्यावर हात आपटत ओरडत होती, “घे! घे ना त्याले उजवीकडे!” आम्ही हरलोच. मागची चाकं गुळगुळीत, त्यामुळे दुसऱ्या संघाच्या दणकट रोबोने आमच्या रोबोला बाजूने ढकलत कोपऱ्यात नेऊन बसवलं. परतीच्या गाडीत ती आमगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसून होती.

दोन-तीन दिवस ती कॉलेजात दिसली नाही. मला राहवेना. तिच्या घरी जायला निघाले, तर वाटेत मिलचं दार उघडं दिसलं. आत त्या आरशासारख्या फरशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडववाल्याचं हिरवं जाजम अंथरलेलं, आणि मधोमध ती उकिडवी बसलेली. समोर गोणपाटावर नवी आकृती. या वेळी सहा चाकं, मधली दोन जरा खाली, म्हणजे भार त्यांच्यावर पडून रोबो पट्टी न गुंडाळताही वळेल.

डोळे पुसत मी घाईने आत पाऊल टाकलं.

“मॅडम, चप्पल काढा ना!” ती माझ्यावरच खेकसली. “मांडववाल्याचं हाय, खराब होईन!”

मी गुपचूप चप्पल काढली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.