सीझनआधीचा सत्कार

"वहिनी खेळतील हो, पण नाताळपर्यंत. पुढे गोड बातमी आली की आपोआप बंद!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. नाना आपट्यांनी ते आमच्याच खोलीत, आमच्याच खुर्चीत बसून, मी केलेला शिरा खाता खाता उच्चारलं. मी पडद्यापलीकडे चहा गाळत होते. आमच्या म्युनिकच्या बिऱ्हाडात स्वयंपाकाची जागा आणि बैठक यांच्यामध्ये भिंत नाही, पडदा आहे. पण मी कमी बोलते म्हणून मला ऐकूही कमी येतं, अशी मंडळींची ठाम समजूत!

"नाताळ? मी फेब्रुवारी धरतो," मोघे म्हणाले.

आणि आमचे हे? हे हसले.

मी चहा नेऊन दिला. साखर घालायची विसरले. म्हणजे, विसरले असं म्हणायचं आपलं.

असले किस्से कुणाला सांगता येत नाहीत आणि टाकूनही देता येत नाहीत, म्हणून साठतात. मार्चमध्ये लग्न करून बोटीने आले, आणि बास्केटबॉलचा सीझन सुरू व्हायच्या आतच माझ्याकडे इतके साठले की झाकण बसेना!

मंडळींची ओळख करून देते. हे गार्चिंगला डॉक्टरेट करतात. गार्चिंग म्हणजे बटाट्याची शेतं, आणि शेतांच्या मधोमध अंड्यासारखी दिसणारी अणुभट्टी. नाना इथे सगळ्यांत जुने. त्यांच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी यायच्या कितीतरी आधीपासून शेवटचंच आहे. ते आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मोघे सचिव. बर्लिनच्या भिंतीपासून माझ्या वेणीपर्यंत या दोघांना मत नाही असा विषय नाही.

*

मी पाच फूट आठ इंच. नागपूरला स्थळं बघताना ही माहिती आई सगळ्यांत शेवटी आणि हळू आवाजात सांगायची. हे बघायला आले तेव्हा मला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं होतं. पाहुणे जिना उतरेपर्यंत उठायचं नाही, अशी ताकीद!

इथे केमिस्ट्रीला नाव घातलं आणि कॉलेजच्या मुलींच्या टीमची निवड होती तिथे गेले. ट्रेनर फ्राउ ब्रांटनी, म्हणजे ब्रांटबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बुटकीच आहेस," त्या म्हणाल्या. "पण हात चांगला आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी बुटकी म्हणालं! बस सोडून दिली आणि चालतच घरी आले.

रविवारी नाना म्हणाले, "उंचीचं सोनं केलंत वहिनी! मी तर फोटो बघूनच याला म्हटलं होतं, सोडू नकोस."

नाना फोटो बघून नेमकं काय म्हणाले होते, ते यांनी मला लग्नानंतर आठवड्यातच हसत हसत सांगितलं होतं. "ही तुझ्या डोक्यावर मिरे वाटेल!"

*

मोघ्यांनी जन्मात चेंडू हातात धरलेला नाही. ते संख्याशास्त्रात काम करतात. त्यामुळे माझ्या खेळाचा अंदाज त्यांनीच बांधला. "दर मॅचला सोळा पॉइंट. कमी नाही. तुमच्या उंचीला शोभलं पाहिजे!"

मग मला खेळही समजावून दिला.

"वहिनी, चेंडू हातात घेऊन पळायचं नाही बरं का. आपटत न्यायचा."

"बरं."

"आणि जाळीत वरून टाकायचा. खालून टाकला तर पॉइंट नाही."

"बरं."

हे कौतुकाने बघत होते. "बघ, किती सोपं करून सांगतो मोघ्या!"

नागपूरला मी कॉलेजच्या टीमची कॅप्टन होते. यांना ते माहीत नाही असंही नाही. आमच्या लग्नात रुखवतावर माझा कप मांडला होता. त्यात मावशीने बेसनाचे लाडू रचले होते, आणि यांनी त्यातले दोन खाल्ले होते!

*

"खेळाडूला प्रोटीन हवं," असं नानांनी जाहीर केलं. "रोज चार अंडी. मंडळातर्फे!"

खरंच शनिवारी अंड्यांचा ट्रे आला. मला भरून आलं. वाटलं, उगाच आपण मनात अढी धरतो.

रविवारी मंडळाची कार्यकारिणी आमच्याकडे जमली. नवीन सभासद किती करायचे, गणपतीचा हिशेब कुणी द्यायचा. "वहिनी, जरा ऑम्लेट होऊन जाऊ द्या. कांदा सढळ!" मी उभ्याने करत राहिले. शेवटचं ऑम्लेट नानांच्या ताटात पडलं तेव्हा ट्रेमध्ये फक्त खळगे उरले होते.

जाताना नाना दारात थांबले. "तब्येतीला जपा वहिनी. आमचं सगळं लक्ष तुमच्या खाण्याकडे आहे!"

*

जर्मन माणसं तरी शहाणी असतील असं वाटलं होतं. आमची घरमालकीण फ्राउ लोरेन्झ हिने सगळ्या जिन्याला सांगून ठेवलं की वरची इंडियन बाई यंदा कॉलेजला जिंकून देणार.

मी विचारलं, "कशावरून?"

"जा, जा! तुम्ही लोक योगाने हवेत बसता. मी मासिकात वाचलंय!"

मी सांगितलं की आमच्या घरात हवेत कुणी बसत नाही, सगळे माझ्या खुर्च्यांवर बसतात. तिला पटलं नाही. तेव्हापासून जिन्यात भेटली की आधी माझ्या पायांकडे बघते. जमिनीला टेकलेत की नाही!

*

हाफ पँटचा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला. माझी हाफ पँट, आणि त्यावर चर्चा करायला नऊ पुरुष! मोघ्यांनी आतून पायजमा घालण्याची सूचना मांडली. कुणीतरी तिला अनुमोदनही दिलं.

घरी येताना मी ट्राममध्ये दुकानांच्या पाट्या वाचत बसले. यांनाच राहवलं नाही.

"माझी स्वतःची काही हरकत नाही हं. फक्त आईला फोटो पाठवशील तो कमरेच्या वरचा पाठव."

थोड्या वेळाने माझा हात दाबून म्हणाले, "काळजी करू नकोस. यंदा आपण सगळ्यांना दाखवून देऊ!"

आपण! जिन्याचे दोन मजले चढले की यांना धाप लागते.

*

फ्राउ ब्रांटनी माझ्याकडून कसलीच अपेक्षा बोलून दाखवली नाही. शेवटी मीच विचारलं. माझी जर्मन तुटकी, पण प्रश्न सरळ होता. "तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?"

त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"वेळेवर येत जा."

एवढंच! मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी टाकलेला एकही चेंडू चुकला नाही.

मग त्यांनी पहिल्या पाचांत माझं नाव वाचलं. विमल. टीममध्ये मला विमल म्हणतात. या गावात ते नाव फक्त त्या हॉलमध्येच ऐकू येतं. पहिली मॅच शनिवारी, दुपारी चारला. नियम एकच: पहिल्या मॅचला जी येणार नाही तिची जागा दुसरीला, आणि ती दुसरी वर्षभर खेळणार. बाकावर बसलेली राखीव मुलगी आधीच बुटांच्या नाड्या आवळून बघत होती.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे खूश झाले आणि लगेच नानांना सांगायला गेले.

परत आले ते चेहरा पाडून. "अगं, एक घोटाळा झालाय. त्याच शनिवारी मंडळाने कार्यक्रम ठरवलाय."

"कसला?"

"तुझा सत्कार."

मी अजून एकही मॅच खेळले नव्हते! पण न्युरेम्बर्गला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले इनामदारसाहेब प्रमुख पाहुणे होते, आणि त्यांना तेवढाच शनिवार मोकळा. नाना म्हणाले म्हणे, "मॅच काय, पुढच्या आठवड्यात पण असते. इनामदार पुन्हा येतील का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बघतो." हे बूट काढत होते, वर बघेनात. "दुपारी दोनचा कार्यक्रम आहे गं. नानांनी शब्द दिलाय, तीनला मोकळी करतो म्हणून. आणि समज, एखादी मॅच गेलीच..."

मी पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी पोळ्या फार पातळ झाल्या.

*

शनिवार. खानावळीची मागची खोली मंडळाला मिळाली होती. मी ठरल्या वेळी साडी नेसून हजर. आत टीमचा बनियन आणि ती गाजलेली हाफ पँट, पायजम्याशिवाय! भिंतीवर कापडी फलक: "श्री. कुलकर्णी यांच्या सुविद्य पत्नीचा हृद्य सत्कार".

इनामदारांची गाडी उशिरा आली. नानांनी प्रास्ताविक सुरू केलं ते इटलीतल्या जिनोआच्या बंदरापासून, कारण नाना तिथे बोटीतून उतरले होते. बंदरातून म्युनिकला पोचायलाच त्यांना वीस मिनिटं लागली. नारळ मिळाला नव्हता म्हणून मला कोबीचा गड्डा दिला. शाल म्हणून एक लोकरी मफलर. इनामदार म्हणाले, व्हॉलीबॉलसारख्या खेळात आपल्या भगिनी पुढे येताहेत ही अभिमानाची गोष्ट आहे. टाळ्या!

तीन वाजून गेले. मी यांच्याकडे बघितलं. यांनी नानांकडे बघितलं. नाना पाणी प्याले आणि त्यांनी मोघ्यांना बोलावलं.

मोघे आकडे घेऊनच उभे राहिले. "मी जबाबदारीने सांगतो, वहिनी पहिल्या मॅचमध्ये अठरा पॉइंट करतील!"

प्रचंड टाळ्या. यांनीही वाजवल्या. पहिली मॅच अर्ध्या तासावर आली होती, हॉल ट्रामने चार स्टॉप लांब, आणि माझ्या मांडीवर कोबी!

"अजून तीन वक्ते बाकी आहेत," नाना उठून म्हणाले. "पण वहिनी अवघडून बसल्यात. इतकं कौतुक पेलायचं म्हणजे सोपं नाही. तेव्हा त्यांनी आधी आभाराचे दोन शब्द बोलावेत. लाजू नका वहिनी, आपलीच माणसं आहेत!"

मी उभी राहिले. कोबी इनामदारांच्या हातात दिला. मफलर काढून यांच्या गळ्यात घातला. पदराची पिन सोडली. पहिल्या रांगेत कुणीतरी "अहो, अहो!" म्हणालं. मी साडीची घडी करून खुर्चीवर ठेवली, नीट, काठाला काठ लावून. खोलीत हाफ पँटबद्दल कुणी काही सूचना मांडली नाही.

मग मी बोलले. आवाज मोठा निघाला, मलाही माहीत नव्हता तेवढा.

"नाना, मॅच चारला आहे, मी निघते. तुमचं चालू द्या. माझ्याबद्दल बोलायला तुम्हाला मी लागते कुठे?"