तायडेभाऊंची सुटलेली रेघ

बातमी आमच्या चित्रकारांच्या ऑनलाइन गटावरच आली, रविवारी सकाळी. तायडेभाऊंचा पासपोर्टचा फोटो आणि खाली त्यांच्या मुलीने लिहिलेल्या दोन ओळी... हृदयविकाराचा झटका आला, अंत्यसंस्कार कालच झाले. त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. तासाभरात नाशिकच्या एका सभासदाने जलरंगातला घाट टाकला आणि 'मार्गदर्शन करावे' असं लिहिलं. लोक तिकडे वळले. मीसुद्धा त्या घाटाच्या सावलीबद्दल लिहायला घेतलं होतं. वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली आणि मी फोन उपडा ठेवला.

मनोहर तायडे अकोल्याचे. कृषी विद्यापीठात चित्रकार होते. अशी नोकरी असते हे मला त्यांच्यामुळेच कळलं. गावोगाव लावायच्या तक्त्यांसाठी पिकांवरचे रोग आणि किडी काढायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी अमरावतीला शाळेत चित्रकला शिकवते. रीतसर शिकलेली, चार प्रदर्शनं झालेली, त्यामुळे गटात माझ्या शब्दाला वजन होतं. वऱ्हाडातली ती वर्षं फार वाईट होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे सकाळचा पेपर उघडायला नको वाटायचा. आम्ही मात्र गटावर दिवसभर थंड रंग, उबदार रंग, मोकळा हात यांवर बोलत असू. त्या गप्पांमध्ये एक दिवस तायडेभाऊंनी त्यांचं पहिलं चित्र टाकलं. कपाशीचं बोंड, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक, शेजारी उलगडून दाखवलेल्या बोंडात गुलाबी अळी. पानावरची लवसुद्धा दिसत होती. एकाने लिहिलं, याच्यापेक्षा फोटो काढा ना. दुसऱ्याने विचारलं, यात भाव कुठे आहे? मग मी लिहिलं, सविस्तर. हात उत्तम आहे, पण हे चित्र नाही, माहिती आहे. रेघ सोडा, रंगाला वाहू द्या, अळ्यांतून बाहेर या. माझ्या त्या लिहिण्याला खूप अंगठे मिळाले. तायडेभाऊंचं उत्तर एका ओळीचं होतं... धन्यवाद मॅडम, प्रयत्न करतो.

असं सगळेच लिहितात. त्यांनी खरोखर केला. मी मोठमोठ्या जलरंगकारांची चित्रं पाठवायची आणि ते रोज कामावरून आल्यावर एक कागद ओला करायचे. कधी न पाहिलेल्या नद्या, धुक्यातल्या होड्या. वर्षभरात त्यांची रेघ विरघळली आणि गटाने त्यांना डोक्यावर घेतलं. मी मनातल्या मनात ते श्रेय घेत होते.

ते मात्र दुसऱ्यांची चित्रं आपल्याच जुन्या डोळ्यांनी पाहत. मी फुलावर आलेल्या कपाशीचं एक मोठं चित्र केलं होतं. सगळ्यांनी वाहवा केली. तायडेभाऊंनी गटावर काही लिहिलं नाही, मला वेगळा निरोप पाठवला. "मॅडम, कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तुमी सारेच पिवळे काढले. एका दिवसात का सारं वावर फुललं?" मला राग आला. दोन दिवसांनी मी गुपचूप सात-आठ फुलं गुलाबी केली. पुढे ते चित्र अमरावतीच्या प्रदर्शनात लागलं आणि जो तो त्या गुलाबी ठिपक्यांसमोर थांबू लागला. हे कसं सुचलं, असं एका परीक्षकांनी विचारलं. निरीक्षण, असं मी सांगितलं.

त्याच प्रदर्शनाला तायडेभाऊ अकोल्याहून बसने आले. आमची समोरासमोर तेवढी एकच भेट. ठेंगणे, इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदांची फाइल. माझ्या चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले. "बरं दिसून राहिलं," एवढंच म्हणाले. ती फुलं त्यांनी ओळखली नसतील असं कसं म्हणू? मग फाइलमधून दोन कागद काढले. एकात धुक्यातली नदी, दुसऱ्यात अळीचा पतंग, पंखांवरच्या खवल्यांसकट. "मॅडम, यातलं माझं कोणतं वाटते?" त्यांनी विचारलं. पाहुण्यांना निरोप देता देता मी नदीवर बोट ठेवलं. आता मागे जाऊ नका, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पतंग आधी फाइलमध्ये घातला.

नंतर ते निवृत्त झाले. नद्या हळूहळू कमी झाल्या, मग थांबल्या. आठ-नऊ महिने त्यांचं काहीच आलं नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

बातमी आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. घरी तायडेवहिनी होत्या आणि भेटायला आलेल्या एक शेतकरी बाई, बार्शीटाकळीकडच्या. त्यांच्या गावात कृषी केंद्राच्या भिंतीवर भाऊंचा तक्ता होता. त्या बाई मला सांगू लागल्या, "फोटोत अळी दिसते बाई, पण ते कुठं पाहाव हे समजत नाई. डोमकळी डोमकळी सारे म्हणत, मले तं तायडेभाऊचं चित्र पाहूनच समजलं. आत अळी असली का फुलाच्या पाकळ्या मिटेल राह्यतात, गुलाबाच्या कळीवानी. तवापासून मी रोज सकाळी वावरात तशा कळ्या पाहून तोडतो." चित्रात भाव कुठे आहे, असं आम्ही विचारलं होतं.

वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी टेबल, भिंतीला टेकवलेल्या नद्या. निवृत्तीनंतर नव्या तक्त्यांसाठी त्यांना बोलावणं आलं होतं, वहिनी म्हणाल्या, पण त्यांनी नाही सांगितलं. "म्हणे, हात आता त्या कामाचा नाई राह्यला. रेघ सोडाले शिकलो, आता धरता येऊन नाई राह्यली." वहिनींच्या बोलण्यात ठपका नव्हता. मॅडम कोण, हे त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी कपाट उघडून कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. तक्त्यांना नाही सांगितल्यानंतर ते रोज सकाळी टेबलाशी बसत होते. प्रत्येक कागदावर एकच डोमकळी. सुरुवातीच्या कागदांवर पाकळीची कड ओघळलेली, रंग रेघेबाहेर गेलेला. खाली पेन्सिलने बारीक अक्षरात स्वतःलाच दिलेला अभिप्राय... कड फाटली. देठ जाड. पाणी जास्त. घाई केली. आम्ही एकमेकांना देत होतो तसा एकही शब्द त्यात नव्हता. गठ्ठा खाली जाईल तशी रेघ सावरत गेली होती. शेवटच्या कागदावरची कळी इतकी घट्ट मिटलेली आणि इतकी अचूक होती की बोटाने उघडून आतली अळी पाहावी.

"त्याच्यावर काय लिवलं?" वहिनींनी विचारलं. त्यांचा चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता.

"'जमली' असं लिहिलंय," मी म्हणाले.

वहिनींनी कागद हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि गठ्ठ्याच्या वर ठेवून कपाट लावलं. त्या शब्दापुढे आणखी तीन शब्द होते. ते मी त्यांना वाचून दाखवले नाहीत, तेवढा धीर झाला नाही. ते इथे लिहिते आहे.

'मॅडमले पाठवू का?'