वजन करून घातलेली हवा

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि इंजिनातलं मला सगळं समजत होतं. शाळा तिसरीपर्यंत झाली. पण आमच्या वेळची तिसरी. (ती मी दोनदा केली, त्यामुळे पाया पक्का.)

पुढे परळला मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात लागलो. तिथे हवेपेक्षा तूस जास्त. तोंडाला फडकं, मोटारीला फडकं, चहाच्या किटलीला फडकं. जे उघडं दिसेल त्यावर फडकं बांधायचं, हा आम्हा गिरणीवाल्यांचा धर्म. मिल गेली. तिच्या जागेवर काचेची बिल्डिंग आली आणि आमच्या संजयला त्याच काचेत नोकरी लागली. बाप खाली तूस खात होता, मुलगा वर एसी खातो. असो.

आता तिथेच आणखी एक टॉवर उठत होता. त्याची सगळी धूळ आमच्या चाळीत. मी पहिल्या दिवशीच मागची खिडकी बंद करून टाकली. बायको म्हणाली, "अहो, घुसमटायला होतंय."

"धूळ खाण्यापेक्षा बरं," मी म्हणालो. विषय संपला. आमच्या घरात विषय मीच संपवतो.

मग मला खाली उभ्या माझ्या स्कूटरची काळजी लागली. जुनी, हाताने गिअर टाकायची. बगलेचं झाकण काढून बघितलं तर इंजिन जिथून हवा ओढतं, तिथे एक जाळीची डबी. ती एअर फिल्टरची हे मला माहीत होतं. पण कंपनीवाल्यांनी परळची धूळ कुठे बघितली आहे? मी ट्रंकेतून बायकोचं एक जुनं लुगडं काढलं, त्याचा हातभर तुकडा फाडला, दुहेरी घडी केली आणि डबीच्या तोंडावर गिरणीची गाठ मारून बांधला. गिरणीची गाठ म्हणजे सुटत नाही ती.

आठवड्याभरात गाडी काळा धूर सोडायला लागली.

मी विचार केला. गाडी म्हातारी, चढावर दमते, खोकते. दमलेल्या माणसाला काय लागतं? खुराक. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून मी पेट्रोल वाढवलं. धूर वाढला. म्हटलं, अजून अशक्तपणा आहे. सकाळी सुरू करताना ओढतात तो चोक मी दिवसभर ओढून ठेवायला लागलो. आता गाडी उभी राहील तिथे भिंत काळी. खालच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनींनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीचं जे झालं, त्यानंतर त्या माझ्याशी बोलत नाहीत. (हा त्या वर्षातला एकमेव फायदा.)

मग पीयूसी आली. धूर तपासणाऱ्याने गाडीत नळी घातली, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "काका, नापास. पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय."

मी समुद्रापासून दीड कोसावर राहणारा माणूस. पेट्रोल विकत मिळतं, हवा फुकट. फुकटची वस्तू कमी पडते हे माझ्या बुद्धीला पटेना.

घरी संजय म्हणाला, "बाबा, बरोबर सांगितलं त्याने. एक भाग पेट्रोल नीट जळायला पंधरा भाग हवा लागते. वजनाने."

"कशाने?"

"वजनाने."

"हवेला वजन? कुठल्या काट्यावर ठेवलीस रे?"

"बाबा, ते जाऊ दे. मेकॅनिककडे ने. सोमवारी परत नापास झाली तर मी भंगारवाल्याला फोन करणार. ह्या वयात ती घेऊन फिरतोस, मला ऑफिसात झोप लागत नाही."

"ऑफिसात झोप लागलीच नाही पाहिजे," मी म्हणालो. पण आतून हललो होतो.

माझं जाऊ दे. माझे पाय चांगले आहेत. पण बायकोचे गुडघे गेलेले, बसची पायरी तिला चढत नाही. तिची मोठी बहीण अक्का माहीमला अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी मी बायकोला तिकडे नेतो, मांडीवर कालवणाचा डबा. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की अक्का आतून सुनेला ओरडते, "चहा ठेव गो, इली ती." संजय म्हणतो टॅक्सी करा. एकदा टॅक्सीने गेलो होतो. आवाज न होता दारात उभे राहिलो तर अक्का आम्हाला बघून रडायलाच लागली. तिला वाटलं, कोणीतरी गेल्याचं सांगायला आलोय.

म्हणून सोमवारच्या आधी, रविवारी, मी गाडीला शेवटचा खुराक दिला. स्क्रू आणखी फिरवला, चोक पूर्ण ओढला आणि बायकोला मागे बसवलं. दादरच्या सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने शिटी मारली. धुरातून चालत तो आमच्यापर्यंत आला, म्हणजे त्याला आम्हाला शोधावं लागलं.

"काका, कुठल्या मिलमध्ये होता?"

"तुम्हाला काय माहीत मी मिलमध्ये होतो?"

"चिमणी घेऊन फिरताय म्हणून विचारलं."

मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बायको मागून म्हणाली, "साहेब, तुम्ही त्यांना हसवू नका. ते आणखी पेट्रोल सोडतील."

त्याने जायला सांगितलं. गाडीने मात्र ऐकलं नाही. माहीमच्या अलीकडे तीन फटाके फोडले आणि बंद. किक मारून मारून माझा पाय उजव्याचा डावा झाला. शेवटी मी गाडी ढकलतोय, बायको एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून लंगडत येतेय, अशी आमची वरात गल्लीत शिरली. आवाज नाही. अक्काने दारात आम्हाला बघितलं. बायकोच्या पातळाचा मागचा काठ काजळासारखा काळा.

"कोण गेला?" अक्काने विचारलं.

"कोण नाय गो. गाडी," बायको म्हणाली.

अक्काने त्या काळ्या काठाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे आता तू येवचंस नाय." तिने प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी चहा झाला, पण तो सांगून केलेला चहा होता.

येताना टेम्पोत गाडी आणि गाडीशेजारी आम्ही. बायको घरापर्यंत बोलली नाही. भांडली असती तर मी विषय संपवला असता.

संध्याकाळी तिने गॅस पेटवला. ज्योत पिवळी, वर काजळी. टोपाचं बूड काळं. मी म्हणालो, "गॅस कमी येतोय. मोठा कर."

"मोठा केला तर अजून काळा होईल." तिने गॅस बंद केला, निवू दिला, शेगडी उलटी केली. बर्नरच्या नळीला खाली एक भोक असतं. त्यात धूळ आणि तूस बसलं होतं. जुन्या दातांच्या ब्रशने तिने ते साफ केलं. "ह्याच्यातून हवा जाते. ती अडली की जळत नाही, नुसता धूर."

परत पेटवला. निळी ज्योत. सुईसारखी.

मी त्या निळ्या ज्योतीकडे बघत बसलो. मग बंद खिडकीकडे बघितलं. मग मला ती गिरणीची गाठ आठवली, आणि जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "मीठ जास्त आहे." (मीठ बरोबर होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत खाली गेलो. गाठ सुटेना. माझीच गाठ. शेवटी विळीने कापली. तुकडा काळाकुट्ट होऊन गळून पडला. स्क्रू होता तिथे आणला, प्लग घासला, चोक आत ढकलला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि जुन्यासारखी हलकेच बोलायला लागली. धूर नाही. वर बघितलं तर बायको गॅलरीत. हातात मोबाइल, कठड्याच्या बाहेर धरलेला. मी जरा ॲक्सिलरेटर पिळला, माहीमपर्यंत जाईल इतका. तिने फोन कानाला लावला आणि हसली.

"अक्का विचारते, चहा ठेवू काय?"

तसाच जाऊन पीयूसी करून आलो. पास. संजय ऑफिसला निघाला होता. कागद बघून म्हणाला, "बाबा, केलंस तरी काय?"

"पंधरा भाग हवा घातली," मी म्हणालो. "वजन करून."

तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या चिमटीत तो काळा तुकडा होता. गाडीखाली राहिलेला.

"आणि माझं लुगडं कुठल्या पारड्यात धरलंत?"

मी उठलो आणि मागची खिडकी उघडली. भरपूर धूळ आत आली. मी काहीही बोललो नाही, कारण माझ्या तोंडात ती गेली होती.