उपवासाच्या पडद्यामागची वाल्बुर्गा

इझार नदीच्या बर्फगार पाण्यात वाल्बुर्गाचा जन्म लोकांची धुणी बडवण्यात गेला. तिचा नवरा तराफे चालवायचा, तोही त्याच नदीने नेला. त्या हिवाळ्यात चित्रकार हायमेरानने बोलावलं, तेव्हा ती भुलली ती त्याच्या शेगडीला. वाडगाभर बार्लीची पेज मिळायची. बदल्यात तोंड वासून, हात वर करून गुडघ्यांवर बसायचं.

"मी कोण व्हायचंय, मालक?"

"बस गप. जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो ना, त्या दिवशीची गर्दी आहे, त्यातली एक."

चित्र वेदीवर चढलं तेव्हा कुठे तिला कळलं. पुण्यवान एका बाजूला होते. ती दुसऱ्या बाजूला, नरकात जाणाऱ्यांत होती, आणि सैतानाच्या काळ्या हाताने तिचे केस धरले होते. गावाने चित्र बघण्याआधीच ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ लागला. रीतीप्रमाणे वेदीवर जाड पडदा सोडला गेला. तो आता ईस्टरलाच निघायचा.

मागच्याच सुगीनंतर गावाने एका म्हातारीला चेटकीण म्हणून जाळलं होतं. पुरावा काय, तर ती कुणाच्या तरी स्वप्नात सैतानाबरोबर दिसली. वाल्बुर्गा तर देवाच्या वेदीवर दिसणार होती.

"मालक, माझं तोंड पुसा हो."

"अगं, तुझी मान हंसासारखी ताणलीय, बोटं मेणबत्तीएवढी केलीत. इटलीत असंच काढतात. तुझी आई आली तरी ओळखायची नाही."

"आई मेली कधीच. शेजारणी आहेत ना जित्या."

प्रार्थनेला बसली की तिची नजर पडद्यावर खिळायची. दारातून वारा आला, पडदा हलला, की ती उठून दार लावून यायची.

ईस्टरच्या सकाळी पडदा उतरला. मग पाववाल्याची बायको कुनिगुंडा शेजारणीला कोपर मारून पुटपुटली, "ही मान बघितलीय गं मी."

वाल्बुर्गाने डोळे मिटले.

"अपोलोनियाच की. बगळ्यासारखी मान दुसऱ्या कुणाची आहे गावात?"

अपोलोनिया ही गावची सुईण. वाल्बुर्गाचं मेलेलं बाळ तिनेच कपड्यात गुंडाळून दिलं होतं, आणि ती रात्रभर उशाशी बसली होती. आता माना तिच्याकडे वळल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "माझंही पोर हिच्याच हातात गेलं."

सुटले, असं वाल्बुर्गाला वाटलं. अगदी गरम पेज पोटात उतरावी तसं वाटलं. मग तिने डोळे उघडले. अपोलोनियाचे ओठ पांढरे पडले होते.

वाल्बुर्गा उठली. तिने उजवा हात वर केला. धुणी बडवायच्या धोपटण्याखाली मोडलेली तिची करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती.

"कुनिगुंडे, मान राहू दे. चित्रातली करंगळी बघ. हायमेरानने लांब केली, सरळ करायची विसरला. मी बसले होते तिथे, पेजेसाठी."

चर्चमधली एकूण एक मान तिच्या दिशेने लांबली, चित्रातल्यासारखी. हात खाली घ्यायचं तिला सुचेना. तेवढ्यात अपोलोनिया बाकांमधून वाट काढत आली आणि ती वाकडी करंगळी तिने मुठीत घट्ट धरली.