पिंपळगाव राजाच्या माळावर विमानाची बुश

शेगावला जाणारे बरेच जण मला विचारतात, पुढे कुठे जाऊ? मी सांगतो, पिंपळगाव राजाला जा. तिथे मी पाहिलं ते आता दिसणार नाही, पण साठच्या दशकात तिथल्या एका माळाने माझी मोठी खोड मोडली.

नागपूरला विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये तेव्हा मला अकरा वर्षं झाली होती. हात चांगला चालायचा आणि तोंड त्याहून जास्त. एकच गोष्ट मी बायकोशिवाय कुणाला कळू दिली नव्हती: मी स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो. भीती वाटायची. दुरुस्तीनंतर 'विमान ठीक आहे' अशी सही करायची आणि शेडच्या सावलीत उभं राहायचं, एवढंच.

दिवाळीनंतर पायलट देशमुखांची तार आली. विमानातून औषध फवारण्याजोगी शेतं पाहण्यासाठी ते आमचं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं दोन सीटचं विमान घेऊन पिंपळगाव राजाला गेले होते. डाव्या पंखाला खालून आधार देणारी टेकूदांडी हलत होती. मी हत्यारं आणि पोलादाची कांब पेटीत भरली आणि जाण्यायेण्याचं तिकीट काढलं. जलंबला गाडी बदलायची, छोट्या फाट्याने खामगाव, तिथून एसटी. शेगावला फलाटावर गरम कचोरी मिळते, ती सोडू नका.

माळावर निम्मं गाव जमलेलं. दांडी जिथे विमानाच्या अंगाला जोडलेली असते, तिथल्या जोडपट्टीचं भोक झिजून अंडाकृती झालं होतं. भोक गोल करून त्यात पोलादी बुश, म्हणजे जाड कडी, ठोकून बसवणं भाग होतं. पंख सावरायला गावकऱ्यांनी कापसाच्या गाठी रचून दिल्या. इतका मऊ आणि भक्कम टेकू मला नागपुरातही मिळाला नव्हता.

ती जोडपट्टी सोडवून, कांबीसकट घेऊन मी खामगावला परतलो. तिथल्या कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात गुलाबराव मिस्त्री लेथ चालवत होते. टोपीवर, मिशांवर कापसाचे तंतू. त्यांनी माप घेतलं, तासाभरात बुश हातात ठेवली. घालून पाहिली तर खुळखुळली.

"ढिली आहे, गुलाबराव."

"ढिलीच ठेवली ना. तेलाले जागा नको का? बैलगाडीले, जिनाले, सगळ्यायले तशीच बसते."

"इथे काही फिरत नाही. जरा हललं तर पंख जाईल."

त्यांनी ती बुश खिशात टाकली आणि दुसरी कातायला घेतली. ही वाइसच्या पकडीत दाबून बसवताना आम्हा दोघांचेही हात दुखले. असं काम माझ्या शेडमध्येही झालं असतं की नाही, शंकाच आहे.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर माळावर आले. नवा बोल्ट घातला, नट आवळून तो सुटू नये म्हणून पिन वाकवली, उजवी बाजूही तपासली. गाठी काढल्या. मी सहीसाठी पेन काढलं, तेव्हा गुलाबराव म्हणाले, "आमच्यात गाडीचा आस बदलला का पैले मिस्त्री बसते, मंग मालक."

"मग बसा तुम्ही."

"मी घडवलं, तुमी बसवलं. बसवणाऱ्यानं बसाचं." मग हळू आवाजात, "काऊन, भेव वाटते का?"

"वाटतं," मी म्हणालो. अकरा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो.

"हाव, वाटाचंच. मले बी वाटते."

सही केली आणि देशमुखांबरोबर बसलो. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, त्या बोल्टकडे बघत राहिलो. तो तसूभर हलला नाही. मग खाली पाहिलं: पांढरी शेतं आणि सरकीएवढे बैल. उतरल्यावर गुलाबरावांनी टोपी खिशात घातली आणि माझ्या जागेवर बसले. विमान पुन्हा वर गेलं आणि गाव त्यांच्याकडे मान वर करून बघत राहिलं.

ज्वारीची भाकर, पिठलं आणि ठेचा खाऊन मी देशमुखांबरोबर विमानानेच नागपूरला आलो. निघताना गुलाबरावांनी ती पहिली, ढिली बुश माझ्या हातात दिली. ती अजून माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

घरी बायकोला माझ्या खिशात न वापरलेलं परतीचं तिकीट सापडलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. माझी भीती फक्त तिलाच ठाऊक होती.

"तुम्ही बसलात?"

"बसावंच लागतं," मी म्हणालो. "काम माझ्या हातचं होतं."