डांग्या खोकला आणि माझा कुत्रा

मला डांग्या खोकला झाला तेव्हा माझा धाकटा भाऊ बावीस दिवसांचा होता. म्हणजे दोघांपैकी एकाला घराबाहेर जावं लागणार हे उघड होतं, आणि तो काही जाणार नव्हता.

मी नऊ वर्षांची. पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो, बैठ्या चाळीत. पाच बिऱ्हाडं ओळीने आणि प्रत्येक दारापुढे दोन-दोन पायऱ्या. मागे भाताची खाचरं. त्या खाचरात मला एक पिल्लू सापडलं होतं, ते मी फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणलं. आईने दारातच अडवलं. म्हणाली, "उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल पडता कामा नये. आणि त्याला हात लावलास तर तुझंही नाही, हात धुतल्याशिवाय." त्यामुळे तो कायम पायरीवर, गोणपाटाच्या तुकड्यावर. नाव असं कधी ठेवलंच नाही. "यू यू" म्हटलं की यायचा. पण हे "यू यू" म्हणायचं कुणी, तर मी. चाळीतल्या बाकीच्यांनी म्हटलेलं मला खपायचं नाही.

पलीकडच्या बिऱ्हाडात माझ्याहून वर्षाने लहान मुलगी होती. मालवणकडची माणसं. वडील आधी गिरणीत होते, मग भांडुपला कारखान्यात लागले. तिला माझ्या कुत्र्याचं भारी वेड. मी तिला हात लावू द्यायचे, नाही असं नाही, पण नियम घालून दिला होता. डोकं आणि कान माझे. तिने शेपटीकडच्या बाजूने हात फिरवायचा. ती बापडी तेवढ्यावर खूश असायची.

तर मावशी आली आणि मला चेंबूरला घेऊन गेली. मावशीला मूलबाळ नव्हतं, घर मोकळं, मागे चार झाडं. जाताना कुत्रा फाटकापर्यंत आला. बाबांनी दटावलं तसा तिथेच बसला. मी वळून वळून बघत होते, तो काही उठला नाही.

चेंबूरला मला अडुळशाचा काढा मिळायचा मधातून. शिवाय मावशीच्या ओळखीच्या परटाची गाढवीण होती, तिचं दूध. हसू नका, डांग्या खोकल्यावर तेव्हा गाढविणीचंच दूध देत. मी नाक दाबून प्यायचे, आणि पुढच्या उबळीत ते निम्मं बाहेर यायचं.

बाबा दर रविवारी यायचे. अंगणात उभे राहायचे, मी ओट्यावर. घरी परत गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय आई त्यांना बाळाजवळ फिरकू द्यायची नाही. पहिल्या रविवारी मी विचारलं, "तो काय करतो हो?"

"बाळ ना? दूध पितो, झोपतो."

"बाळ नाही हो बाबा! तो."

बाबांनी चपलेतला खडा झटकला. मग म्हणाले, "तो जेवत नाही बघ. भाकरी तशीच पडून राहते. दिवसभर फाटकाशी जाऊन बसतो."

आता खरं सांगते, आणि या वयात खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की विचारू नका. माझ्यासाठी कुणीतरी उपाशी राहिलं होतं! त्या दुपारी मावशीकडे शिरा होता, तो मी दोनदा मागून घेतला. शेवटी मावशीच म्हणाली, "अहो भावोजी, अशाने मरेल की ते जनावर." तेव्हा कुठे मी हातातली शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

आमच्याकडे एक रीत होती. तान्ह्या मुलाची आई कुठे बाहेर गेली आणि मूल रडायला लागलं, की तिच्या नेसून काढलेल्या लुगड्यात गुंडाळून त्याला निजवायचं. वासाने गप्प राहतं. ते मला आठवलं. मी आत गेले, तीन दिवस अंगात असलेला निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक काढला आणि तसाच, काढ्याच्या डागांसकट, बाबांच्या हातात दिला. म्हटलं, "धुवायचा नाही. त्याच्या गोणपाटावर टाका."

मावशी ओरडली, "तान्ह्या बाळाच्या घरात हे नेऊ नका हो!"

"घरात कशाला नेतोय? बाहेरच्या बाहेर टाकतो," बाबा म्हणाले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले.

पुढचा रविवार येईपर्यंत मी खिडकीचे गज धरून दिवस मोजले. बाबा फाटकातूनच म्हणाले, "जेवला गं!"

"माझ्या फ्रॉकवर बसून?"

"फ्रॉकवर नाही म्हणजे..." बाबांनी टोपी काढली, परत घातली. "गोणपाटावर टाकला तर तो नुसता त्यात तोंड खुपसून कण्हत बसला. खाईना. मग त्या पलीकडच्या पोरीने आपल्याच डोक्याने तो फ्रॉक अंगात घातलान आणि भाकरीचा तुकडा पुढे केलान. गपागप खाल्लं की त्याने! आता रोज तीच भरवते."

वास माझा, फ्रॉक माझा, कुत्रा माझा. आणि फ्रॉकच्या आत ती!

मला जी उबळ आली ती थांबेचना. मावशीने पाठ चोळली, पाणी दिलं. जरा श्वास आला तशी मी म्हटलं, "माझा फ्रॉक परत आणा."

"मग तो जेवायचा नाही."

"नाही तर नाही."

बाबा रागावले नाहीत. निघताना फाटकाची कडी काढता काढता त्यांनी विचारलं, "मग? आणू फ्रॉक?"

मी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने ओट्याची माती उकरली. म्हटलं, "नको."

पण ते 'नको' मी काही चांगुलपणाने म्हटलं नव्हतं. मनात रोज चित्र दिसायचं: ती डोक्यावरून हात फिरवते आहे. कानसुद्धा धरत असेल! तिला आता शेपटीकडच्या बाजूला कोण बसवणार? भाऊ झाल्यापासून आई माझी अर्धी राहिली होती, त्याचं मला एवढं वाटलं नाही. आईला वाटून घेता येतं. कुत्रा मात्र मला सबंध हवा होता.

तीन-चार रविवार गेले, आणि बाबा आले ते चेहरा पाडूनच. पलीकडच्या पोरीला खोकला लागला होता. डांग्याच. तिची आई आमच्या पायरीशी येऊन चाळ ऐकेल अशा आवाजात म्हणाली होती, "ह्येंच्या चेडवाच्या फ्रॉकान माज्या चेडवाक खोकलो लागलो!" आताचे डॉक्टर म्हणतात, हा खोकला माणसाकडून माणसाला लागतो, कपड्याने असा लागत नाही. असेल. तेव्हा आमच्या चाळीत मात्र निकाल लागून गेला होता. आरोपी फ्रॉक. तिच्या घरात तिच्या पाठची दोन लहान होती, आणि मुंबईत दुसरं कुणी जवळचं नव्हतं. आईला इतकं ओशाळं वाटलं की तिनेच मावशीला निरोप धाडला. मावशी मोठी दिलदार बाई. म्हणाली, "एक खोकते तिथे दोन खोकतील. पाठवून द्या."

आणि ती आली. माझा निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक घालून.

"काढ तो," मी म्हटलं. तिला भेटल्यावरचा माझा पहिला शब्द.

"आणि मग काय घालू? तुझ्या मावशीचं लुगडं?"

एका खोलीत आम्ही दोघी. एकीची उबळ संपली की दुसरीची सुरू. मधल्या वेळात भांडण.

"तो मला शाळेच्या वळणापर्यंत सोडायला येतो," मी म्हणायचे.

"माका तर शाळेच्या पायरीपर्यंत. मास्तरांनी हाकलल्यानी तरी जाय ना."

"तो माझ्या हातून गूळ खातो."

"गूळ तो कुणाच्याही हातून खातो. माझ्या हातून बोंबलाचं डोकं खातो."

मी उठूनच बसले. आमचं घर शाकाहारी. आमच्या पायरीवर असली वस्तू कधी आली नव्हती. "माझ्या कुत्र्याला मासे घातलेस?"

"मग? आवडतात त्याला. तुमची ताकभाकरी खाऊन खाऊन कंटाळला होता बिचारा."

मी मावशीकडे तक्रार नेली. मावशी तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कुत्र्याची मुंज झालीय का?"

मला सगळ्यात काय लागलं सांगू? तो बोंबील खातो हे नाही. त्याला काय आवडतं ते तिला कळलं होतं आणि मला कळलं नव्हतं, हे. दोन वर्षं माझ्याजवळ होता, आणि मी कधी विचारच केला नाही.

माझा खोकला आधी लागला तसा आधी गेला. मला न्यायला बाबा आले. ती फाटकाशी आली, माझा हात धरून म्हणाली, "तो काय करता ता माका सांग हां. खरं सांग."

"सांगेन," मी म्हटलं. मनात म्हटलं, बस आता इथे गाढविणीचं दूध पीत.

मुलुंडला फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्याने जो धिंगाणा घातला! अंगावर उड्या, हात चाटणं, शेपटीने माझ्या पायांवर फटके. मी मुद्दाम तिच्या आईच्या दारासमोर उभी राहून त्याचे लाड करून घेतले. आई आतून ओरडली, "आधी आंघोळ!" तरी हलले नाही. जिंकले होते ना मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी घेऊन बाहेर आले तर आमचं गोणपाट रिकामं. तो पलीकडच्या पायरीवर बसला होता, रस्त्याकडे तोंड करून. "यू यू" म्हटलं. आला. एखाद्या पाहुण्याशी वागावं तसं शेपूट हलवून माझा मान ठेवला, भाकरी खाल्ली, आणि परत जाऊन तिच्याच पायरीवर बसला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. मी त्याला उचलून आणलं, तो उतरून गेला.

रविवारी बाबा तिचे कपडे घेऊन चेंबूरला निघाले. म्हणाले, "काय सांगू तिला?"

"सांगा, मजेत आहे. मी आल्यापासून माझ्याजवळून हलत नाही."

बाबांनी एकदा पलीकडच्या पायरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "असं सांगू?"

"हो."

मला त्यांनी दर रविवारी जसं असेल तसं सांगितलं होतं, कडू असलं तरी. आता माझ्यासाठी ते तिच्याशी खोटं बोलायला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा मी दारातच होते.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बरं म्हणाली. मग आत गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही." बाबा नळावर हातपाय धुवायला गेले. जाता जाता म्हणाले, "पुढच्या वेळी तुझे निरोप तूच दे बाई."

तो आठवडा मला वाईट गेला. कुत्रा तिच्या पायरीवर, आणि मी त्याच्याशीच खोटं बोलले आहे असं उगाच वाटायचं. पुढच्या रविवारी मी बाबांबरोबर चेंबूरला गेले. ती ओट्यावर बसली होती, माझ्याकडे बघेना. मी शेजारी बसले. बाबा मावशीशी बोलायला आत गेले.

"मी खोटं सांगितलं," मी म्हटलं. "तो तुझ्या पायरीवर बसतो. दिवसभर. रस्त्याकडे बघत."

तिने मान वळवली. "तुमच्या पायरीवर नाय येत?"

"जेवायला येतो. जेवला की जातो."

"मग तू काय करतंस?"

सांगावंसं वाटत नव्हतं, पण आता एवढं सांगून झालंच होतं. "मी पण तिथेच बसते. तुमच्या पायरीवर. त्याच्या शेजारी."

ती हसायला लागली. अशी हसली, अशी हसली की तिला उबळ आली, डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. मावशी आतून पाण्याचा पेला घेऊन धावली. मी सवयीने तिची पाठ चोळायला लागले. मला तिचा इतका राग आला होता की जरा जोरातच चोळली.